भयाची अकर्मक क्रियापदे

व्हिडिओ गेम खेळताना आणि खेळून उठल्यावर खेळणारा जे बोलतो, त्याला मराठी समीक्षेत अजून नाव मिळालेले नाही. नाटकाचा प्रेक्षक मध्यंतरात जे बोलतो, कादंबरीचा वाचक मित्राला पत्रात जे लिहितो, कीर्तनाहून परतल्यावर ओसरीवर जे चालते, त्या सर्वांना ‘आस्वाद’ या शब्दाच्या आश्रयाने केव्हा ना केव्हा जागा मिळाली. खेळणाऱ्याचे बोलणे मात्र तुटक, मधूनमधून शिव्यांचे, अर्धे पडद्याला उद्देशून आणि अर्धे शेजारी बसलेल्याला उद्देशून असते. त्यात काही विचार असेल अशी शंकाही कोणास येत नाही. महाड औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बिरवाडीतल्या एका भाड्याच्या खोलीत 2025 च्या दिवाळीनंतर तिघांनी मिळून एक भयखेळ खेळला. त्याविषयी त्यांच्यात जे बोलणे झाले, ते या दृष्टीने नोंदण्याजोगे आहे.

खेळ होता ‘सायलेंट हिल एफ’. 25 सप्टेंबर 2025 ला तो प्रसिद्ध झाला. जपानच्या कोनामी या कंपनीने 1999 साली ‘सायलेंट हिल’ हा खेळ काढला, 2001 साली त्याचा दुसरा भाग आला, आणि ‘सर्व्हायव्हल हॉरर’ या प्रकारात, म्हणजे शत्रूला जिंकण्यापेक्षा अपुऱ्या साधनांनिशी जीव वाचवणे हेच ज्यात मुख्य असते त्या प्रकारात, या दोन कृतींना अभिजाततेचा मान मिळाला. पहिल्या खेळातले धुके प्रसिद्ध आहे. त्या काळच्या यंत्राला दूरचे दृश्य रेखाटणे झेपत नव्हते म्हणून गाव धुक्यात बुडवले गेले. पुढे यंत्रे समर्थ झाली तरी धुके राहिले, कारण तोवर ते त्या मालिकेचे शील बनले होते. माध्यमाची उणीव शैलीचे लक्षण कशी होते याचे इतके स्वच्छ उदाहरण साहित्यातही सहजी सापडणार नाही. नवा उत्तरभाग तैवानमधल्या निओबार्ड्स या संस्थेने रचला, त्याची कथा र्‍यूकिशी 07 या टोपणनावाने लिहिणाऱ्या जपानी लेखकाची. मालिकेतले अमेरिकन गाव सोडून तो 1960 च्या दशकातल्या जपानमध्ये, एबिसुगाओका नावाच्या कल्पित डोंगराळ गावात घडतो. नायिका शिमिझू हिनाको ही शाळकरी मुलगी. बापाच्या आरडाओरड्याला कंटाळून ती घराबाहेर पडते, मैत्रिणींना भेटायला जाते, आणि गावात धुके उतरते. धुक्यामागोमाग तांबडी फुले येतात, आणि फुलांमागोमाग मरण. हातात बंदूक कधीच येत नाही. लोखंडी नळी, कोयता, कुऱ्हाड, एवढेच. तेही वापरता वापरता मोडते.

खोलीतल्या तिघांपैकी एक रासायनिक कारखान्यात ऑपरेटर. यंत्र त्याचे, हप्त्यांवर घेतलेले, आणि म्हणून कंट्रोलरही बहुतेक त्याच्याच हाती. दुसरा त्याचा मित्र, पोलादपूरजवळच्या एका वाडीतला, बॉयलरवर काम करणारा. साप्ताहिक सुटीला तो मुक्कामाला येई. तिसरी ऑपरेटरची थोरली बहीण. रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून ती वसाहतीतच एका औषधनिर्मिती कारखान्याच्या क्यूसी प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिला दोघेही ताई म्हणत. ती खेळत नसे. दाराशी मोडा टाकून बसे, निवडण-टिपण करी, आणि पडद्यावरची इंग्रजी वाक्ये मराठीत करून मोठ्याने वाची. पात्रे जपानीत बोलत, खाली इंग्रजी उमटे. भाऊ आणि मित्र इंग्रजी वाचू शकत नव्हते असे नाही. पण अंगावर काही धावून येत असताना वाचायला सवड नसते. ही वाटणी कोणी ठरवली नाही, आपोआप झाली, आणि पुढे जे घडले ते या वाटणीतूनच घडले.

धुक्याने कोणी भ्याले नाही, ही पहिली नोंद. आंबेनळी आणि वरंध या घाटांच्या पायथ्याला राहणाऱ्यांना धुके म्हणजे पिवळे दिवे लावून गाडी सावकाश हाकायची वेळ. त्यांचे भय वेगळ्या वस्तूंत राहते. 2021 च्या 22 जुलैला महाडात सावित्री-गांधारीचे पाणी घरांच्या माळ्यांपर्यंत चढले, आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली. तेव्हापासून या भागात रात्री पावसाचा आवाज बदलला की लोक उठून बसतात. 2023 च्या 3 नोव्हेंबरला वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन 11 कामगार मेले. त्यानंतर कित्येक दिवस अवेळी वाजलेल्या भोंग्याने घरोघर फोन फिरत. या अनुभवाच्या माणसांपुढे जपानी गावातले धुके ठेवले, तेव्हा बॉयलरवरच्या मित्राची पहिली प्रतिक्रिया शुद्ध व्यावसायिक होती. “वारा कुठला ते दाखवतच नाहीत. पळायचं कुठं मग?” वसाहतीतल्या मॉक ड्रिलमध्ये भोंगा झाला की नजर आधी उंचावरच्या वाऱ्याच्या पिशवीकडे न्यायची आणि वाऱ्याला काटकोनात पळायचे, हे अंगवळणी पडलेले असते. धुक्याच्या गावात पिशवी नाही. सौंदर्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या अपेक्षांच्या क्षितिजावर एक दिशादर्शक खूण होती आणि संहितेने ती काढून घेतली. भीती लागली ती तिथून. राक्षसांची नव्हे, दिशा नसण्याची. वाटेवरच्या छोट्या देवळ्या मात्र त्याला लगेच उमगल्या. त्यांच्यापाशी खेळ जतन करता येतो आणि जमवलेल्या वस्तू वाहताही येतात. घाटाच्या तोंडाशी नाणे टाकून पुढे जाणाऱ्याला त्याचे स्पष्टीकरण लागले नाही.

ऑपरेटरच्या तक्रारी साऱ्या जगभरच्या खेळाडूंच्याच होत्या. हत्यार लवकर मोडते, दम लवकर संपतो, मार वेळेवर बसत नाही, भयखेळात एवढी मारामारी कशाला. त्या इथे उगाळण्याचे कारण नाही. लक्ष वेधते ते त्याच्या वाक्यांच्या रूपाकडे. हिनाको पडली की तो म्हणे, “मेलो.” जिन्यावरून निसटली की, “सुटलो.” कोपऱ्यावर काही हलले की, “दचकलो ना राव!” पडद्यावर मुलगी, तिचा सागरी गणवेश, तिचा श्वास, आणि मरतो, सुटतो, दचकतो तो पुरुष. इंग्रजीत किंवा जपानीत हा पेच दिसणार नाही. इंग्रजी क्रियापद कर्त्याचे लिंग सांगत नाही, आणि जपानी वाक्य बहुधा कर्ताच गाळते. मराठीला मात्र ‘मेलो’ आणि ‘मेले’ यांतून एक निवडावेच लागते. कोल्हापूरकडच्या बोलीत मुलीही ‘मी आलो’ म्हणतात, तिथे ही निवड निराळ्या तऱ्हेने सुटेल. रायगडच्या बोलीत ती सुटत नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. तोच ऑपरेटर कोयता चालवी तेव्हा म्हणे, “मारलं,” “फोडलं,” “घेतला,” “वापरली.” या वाक्यांत त्याचे लिंग कुठेही नाही. मराठीत भूतकाळातले सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जाते, किंवा कर्माला प्रत्यय लागला तर तटस्थ नपुंसकात उभे राहते; ‘मी मारलं’ हे पुरुषाने म्हटले काय, स्त्रीने म्हटले काय, सारखेच. प्यालो, शिकलो असे थोडे अपवाद सोडले तर हा नियम पक्का आहे. कर्त्याचे लिंग उघडे पडते ते अकर्मक क्रियापदात: पडलो, पळालो, घाबरलो, लपलो, दमलो, वाचलो, मेलो. म्हणजे माणूस दुसऱ्यावर काही करतो तेव्हा मराठी त्याला झाकते, आणि त्याचे स्वतःचेच काही होते तेव्हा त्याला उघडे करते. युद्धाचे खेळ सकर्मक क्रियापदांचे असतात. भयखेळ अकर्मक क्रियापदांचा असतो. ‘सायलेंट हिल एफ’मध्ये मारामारी जास्त झाली ही खेळाडूंची जी तक्रार, ती व्याकरणाच्या भाषेत मांडली तर अशी होईल की अकर्मकाच्या प्रदेशात सकर्मकाने अतिक्रमण केले.

भरताने नाट्यशास्त्रात भय हा भाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्याकडे सोपवला आहे. भयानक रसाचे जे विभाव त्याने सांगितले त्यांत विकृत आवाज आहेत, भूतदर्शन आहे, ओस घरांत आणि अरण्यात जाणे आहे, स्वकीयांच्या वधबंधाची वार्ता आहे; एबिसुगाओकाचा नकाशा या यादीवरून काढता येईल. पण भय कोणाला शोभते याविषयीचा त्याचा निवाडा या खोलीत उलटा झाला. घाबरलो, दचकलो, पळालो ही पुल्लिंगी रूपे दोन धडधाकट कामगारांच्या तोंडून तासन्तास निघत होती, आणि तीही संकोचाशिवाय. वसाहतीत कोणी ऑपरेटर रिअॅक्टरजवळ ‘घाबरलो’ म्हणत नाही. म्हणाला तर त्याला दुसऱ्या दिवसापासून नाव पडते. खेळाने त्यांना एक पात्र दिले, आणि त्या मुलीच्या आड उभे राहून त्यांना आपल्या लिंगातले अकर्मक क्रियापद वापरायला मिळाले. ही मुभा लहान नाही.

मात्र त्याने भयानक रस झाला का, हा प्रश्न राहतोच. अभिनवगुप्ताने भयाच्या आस्वादासाठी निवडलेले उदाहरण शाकुंतलातल्या पळणाऱ्या हरणाचे आहे. दुष्यंताचा रथ मागे, हरीण मान वळवून पाहत पुढे. ते हरीण कोणा एकाचे नाही, भिवविणाराही खरा नाही, म्हणून मी भ्यालो, हा भ्याला, हा शत्रू, हा मित्र असल्या नात्यांपासून मोकळे झालेले नुसते भय प्रेक्षकाच्या प्रतीतीला येते, असे त्याचे विवेचन. देशकालाच्या आणि व्यक्तीच्या बंधनात भाव अडकणे हा त्याच्या मते रसविघ्न. या कसोटीवर ‘मेलो’ म्हणणारा खेळाडू पहिल्याच पायरीला नापास होतो. त्याचे भय साधारणीकृत नाही. त्याचा दम संपला आहे, त्याची कुऱ्हाड मोडली आहे, मागची देवळी त्याने अर्ध्या तासापूर्वी सोडली आहे. हरणाच्या जागी तोच आहे. किंबहुना अशा खेळांची सारी रचनाच प्रेक्षकाला हरणाच्या कातडीत शिवण्यासाठी असते. तेव्हा खेळाडूच्या प्रतिक्रियेला रसाची कसोटी लावून ती हीन ठरवणे सोपे आहे. आणि मराठी समीक्षेने भयकथेला ‘रंजनपर’ म्हणून ज्या सहजतेने दाराबाहेर ठेवले, नारायण धारपांसारख्या लेखकाच्या वाट्याला वाचक आले पण टीकाकार आले नाहीत, तीच सहजता इथेही उपयोगी पडेल. परंतु तो निकाल घाईचा ठरेल. कारण त्या खोलीत दुसरा आवाज होता.

ताई वाचत असे तेव्हा हिनाकोची वाक्ये तिच्या तोंडून स्त्रीलिंगी होऊन येत. “मी दमले आता.” “मी पळून आले नाही, मी निघाले.” भाषांतरात दुसरा मार्गच नव्हता. त्यामुळे एकाच क्षणी एकाच पात्राचे दोन ‘मी’ खोलीत ऐकू येत: खेळणारा ‘मेलो’ म्हणे आणि वाचणारी ‘दमले’. पहिल्या रात्री दोघे हसले. पुढे पुढे ऑपरेटरच्या बोलण्यात एक फरक पडू लागला, तो त्याच्या लक्षात आला नसावा. खेळ थांबवून कथेविषयी बोलताना तो ‘ती’ म्हणू लागला. “तिला घरी जायचंच नाहीये.” कंट्रोलर हातात असताना ‘मी’, खाली ठेवल्यावर ‘ती’. भय प्रथमपुरुषी, अर्थ तृतीयपुरुषी. हे आलटूनपालटून होणे हाच या माध्यमातला आस्वादाचा व्यापार असेल, तर अभिनवगुप्ताचे विघ्न आणि त्याचे निवारण, दोन्ही एकाच बैठकीत घडताना दिसतात, आणि निवारण घडवणारे साधन म्हणजे दाराशी बसून मोठ्याने वाचणारी व्यक्ती. साधारणीकरण इथे एकट्याच्या मनात घडत नाही. त्याला दोन माणसे लागतात.

खरा वाद झाला तो लाल गोळ्यांवरून. हिनाकोचा बालमित्र तिला डोकेदुखीवर लाल गोळ्या देतो. खेळाडूसाठी त्या उपयोगी, कारण त्यांनी पात्राची शक्ती भरून येते. जे दिसते ते खरे की या गोळ्यांचा परिणाम, ही शंका खेळ हळूहळू पेरत जातो. त्स्वेतान तोदोरोव्हने 1970 सालच्या आपल्या ग्रंथात अद्भुतिकेचे मर्म नेमक्या अशा संदेहात सांगितले आहे: घडते आहे त्याला नैसर्गिक स्पष्टीकरण आहे की नाही, हे वाचकाला ठरवता येत नाही तोवरच ती जिवंत. ठरले की ती संपते. एका बाजूला निसर्गनियमांनी उकलणारे विलक्षण, दुसऱ्या बाजूला नियमच बदलणारे चमत्कारिक. बिरवाडीच्या खोलीत हा संदेह फार वेळ टिकला नाही. पुरुषांनी तो पहिल्या दिवशीच मिटवला. “गोळ्यांचंच आहे सगळं,” मित्र म्हणाला. सॉल्व्हंटचा वास डोक्यात चढला की माणसाला कसे भलतेसलते दिसते याचे दोन किस्से त्याने सांगितले, आणि ऑपरेटरने तिसरा. ज्यांच्या नित्याच्या जगात रसायन हे कारण असते, त्यांना रसायनाचे कारण सुचायला कष्ट पडत नाहीत. पॅरिसच्या सिद्धांताला वसाहतीतल्या पाळीचा असा धक्का बसतो.

विशेष म्हणजे खेळानेही त्यांच्या बाजूने कौल दिला. ‘सायलेंट हिल एफ’ला पाच शेवट आहेत, पण प्रथम खेळणाऱ्याला त्यांतला एकच, ठरलेला, मिळतो, त्याने काहीही केले तरी. त्या शेवटात बोट गोळ्यांकडेच दाखवले जाते, आणि आतापर्यंत शाळकरी वाटणारी ही मुलगी मुळात लग्नाला उभी राहिलेली तरुणी होती असे कळते. दोघांचे समाधान झाले. केस मिटली.

ताईचे झाले नाही. तिचा आक्षेप भावनेतून आलेला नव्हता, तिच्या नोकरीतून आला होता. प्रयोगशाळेत नमुना मर्यादेबाहेर गेला की पहिला प्रश्न असतो, चाचणी चुकली की माल चुकला. आणि चाचणी चुकली असे ठरले तर सगळ्यांचीच सुटका होते, म्हणून ते लवकर ठरते. तिचे म्हणणे एवढेच होते की गोळ्यांनी भूत दिसेल, पण कुठले दिसेल ते गोळ्या ठरवत नाहीत. राक्षसांचे आकार तिने वाचून ठेवले होते: बायकांच्या देहांचे, बाहुल्यांचे, गर्भाने लडबडलेले. “सॉल्व्हंट चढला तर तुला नवरी दिसते का रे?” असे तिने मित्राला विचारले. तो काही बोलला नाही. या एका प्रश्नाने तिने कारण आणि अर्थ यांतला भेद मांडला, जो मांडायला समीक्षेच्या वर्गात एक सत्र जाते. वसाहतीतल्या कोणत्याही दुर्घटनेनंतर पहिला खुलासा लवकर येतो आणि तो बहुधा मेलेल्याच्या हातून झालेल्या चुकीविषयी असतो, हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होते. पहिला शेवट सक्तीचा ठेवून रचनाकारांनी त्या पहिल्या खुलाशाचेच अनुकरण केले आहे. आणि पुन्हा खेळले तरच कागदपत्रे वेगळी दिसतात, प्रसंग वाढतात, तेच वाक्य दुसऱ्या अर्थाने ऐकू येते. काही शेवट पाहायचे तर गोळ्या न खाण्याचे पथ्यही पाळावे लागते. पुनर्वाचनाची मागणी पुष्कळ कृती करतात. पुनर्वाचन न करणाऱ्याला अपुऱ्या अर्थासह बाहेर सोडणारी कृती विरळा.

उत्तरभाग या शब्दाचा विचार इथे करणे भाग पडते. ‘सायलेंट हिल एफ’मध्ये आधीच्या खेळांतले गाव नाही, नायक नाही, कथेचा धागा नाही. मग तो कशाचा उत्तरभाग? जुन्या खेळाडूंना हा प्रश्न टोचला. संस्कृतात ‘उत्तर’ म्हणजे नंतरचे, आणि उत्तर म्हणजे जबाबही. भवभूतीने आधी महावीरचरित लिहिले, मग उत्तररामचरित. आणि दुसऱ्या नाटकात त्याने पराक्रमाची गोष्ट पुढे नेली नाही, त्या पराक्रमाची किंमत कोणी मोजली ते विचारले. 2001 च्या ‘सायलेंट हिल 2’मध्ये मेलेल्या बायकोचे पत्र घेऊन गावात आलेला नवरा आहे. तो बोलतो, शोधतो, त्याला पश्चात्ताप होतो. बायको ही त्याच्या मनातली आकृती. नव्या खेळात लग्न आहे, पण पाहणारी नवरी आहे. एवढ्यापुरता हा जबाब आहे, आणि चांगला जबाब आहे. मारामारीची त्याची हौस मात्र जबाबाला बाधक ठरते. उत्तरार्धात हिनाको ज्या आवेशाने शस्त्र चालवते तिथे पहिल्या तासांतली दमलेली मुलगी हरवते.

उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात चित्रदर्शनाचा प्रसंग आहे. राम, सीता आणि लक्ष्मण स्वतःच्याच वनवासाची चित्रे पाहत असतात. शूर्पणखेचे चित्र येताच सीता घाबरते, आता तुमचे दर्शन संपले असे रामाला म्हणते, आणि राम तिला समजावतो की हे नुसते चित्र आहे. भयकृतीसमोर बसलेल्या कोणालाही दिला जाणारा दिलासा हाच. नाटकाचा वाचक मात्र जाणतो की सीतेचे भय खोटे नव्हते. तो अंक संपायच्या आत तिचा त्याग ठरतो. चित्र पाहून भिणारीला चित्रापलीकडचे काही कळले होते, आणि ‘हे चित्र आहे’ म्हणणाऱ्याला कळले नव्हते. अभिनवगुप्ताच्या हरणाशेजारी ही सीता ठेवली की भयाच्या आस्वादाचे दुसरे टोक दिसते. हरणाचे भय कोणाचेही नाही म्हणून आस्वाद्य. सीतेचे भय तिचेच आहे, आणि तरी ते अज्ञान नाही. ते वाचन आहे.

शिमिझूंच्या घरातला भाग आला तेव्हा ताईने वाचणे थांबवले. तोच दिवाणखाना, तोच दरवाजा, आणि घरात आईबापांच्या बोलण्याचे अवशेष. भावाने दोनदा विचारले, “काय लिहिलंय?” तिने निवडलेली भाजी आत नेऊन ठेवली आणि परत येऊन सांगितले, नेहमीचंच आहे. तिच्यासाठी त्या महिन्यात पिंपरीचे एक स्थळ आले होते. मंडळी चांगली होती, मुलगा शिकलेला होता. नोकरीचे मात्र नंतर बघू, असे त्यांचे म्हणणे होते. तिचे वडील ओरडणारे नव्हते. ते पोलादपूरहून फोन करीत आणि तिची सवड विचारीत, सवड म्हणजे तारीख. हिनाकोच्या बापाशी त्यांचे कुठलेही साम्य नव्हते, आणि म्हणूनच बहुधा तिला त्या घरात वाचता आले नाही. ओरडणारा बाप असता तर तुलना करून मोकळे होता आले असते. भावाला यातले काय कळले ते सांगता येत नाही. त्या रात्री तो एकदाही ‘मेलो’ म्हणाला नाही. दोनदा हिनाको पडली, दोन्ही वेळा त्याने गप्प राहून मागच्या देवळीपासून सुरुवात केली.

दुसरी खेप तिने खेळायला घेतली. आईने दारातून विचारले, रिमोट आज हिच्याकडे कसा, आणि कोणी उत्तर दिले नाही. तिचा हात बसलेला नव्हता. मैत्रिणींना भेटून गावात धुके उतरल्यावरच्या पहिल्या पळापळीत, जिथे भावाला कधीच अडचण आली नव्हती, तिथे ती तीनदा अडकली आणि तिसऱ्यांदा पडली. भाऊ आणि मित्र दोघेही तिच्या तोंडाकडे पाहत होते. ‘मेले’ हे रूप त्या खोलीत अजून कोणी उच्चारले नव्हते. ती म्हणाली, “मेली.” हे तृतीयपुरुषी रूप पडद्यावरच्या मुलीविषयी होते, की बायका रागात एकमेकींना आणि नशिबाला म्हणतात ती शिवी होती, हे वाक्यावरून ठरत नाही. पडद्यावर पुन्हा तोच रस्ता उभा राहिला. गोळ्या तिने उचलल्या आणि खाल्ल्या नाहीत. मित्राने एकदा सुचवून पाहिले, ताई, एक घे, शक्ती येईल. मग तो गाडी काढून रात्रपाळीला गेला. काळ नदीवरच्या पुलापलीकडे वसाहतीचे दिवे होते. भाऊ दाराशी, मोड्यावर, जाऊन बसला आणि पडद्यावरचे इंग्रजी वाचू लागला. हिनाकोचे पहिले वाक्य आले. ‘मी’पर्यंत येऊन तो थांबला, आणि मग क्रियापद स्त्रीलिंगी करून त्याने ते पुरे केले.